चौऱ्याण्णव पौंड

“मग ही वरची आठ पौंड हवा आत शिरली कुठून?”

इलाही उस्तादांनी विचारलं आणि उत्तराची वाट बघत ते ट्रकच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसून राहिले.

मकरंद टोणपेला हसू आलं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाला पंक्चरवाला हवेबद्दल विचारतो म्हटल्यावर येणारच.

“शिरली नाही उस्ताद, तापली. आत जागा तेवढीच, हवा तेवढीच. ताप वाढला की दाब वाढतो. अकरावीच्या पोरांना शिकवलंय मी हे.”

“मग काय करायचं म्हणतोस, मास्तर?”

“पाहिजे एकशे दहा, काटा दाखवतोय एकशे अठरा. आठ पौंड सोडून द्यायची. नाहीतर घाटात फुटेल.”

उस्तादांनी हवेच्या तोंडावरचं टोपण घट्ट बसवलं.

मे महिना, दुपारचे दोन. उस्तादांचं टायरचं दुकान घाटाच्या अगदी माथ्यावर. उन्हाळ्यात घाट उतरायच्या आधी तापलेल्या चाकांची हवा कमी करून घ्यायची, ही या रस्त्याची जुनी रीत. आजूबाजूची चारही दुकानं ते काम करून देतात. उस्ताद देत नाहीत. त्यामुळे उन्हाळाभर त्यांच्या दारात माश्या जास्त आणि गाड्या कमी.

मकरंद तासांवर शिकवायची कॉलेजातली नोकरी सोडून चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हाताखाली आला होता. स्वतःचं दुकान काढायचं होतं त्याला. हात चांगला बसला होता, पण मान अजून वर्गातल्यासारखीच ताठ होती.

“उस्ताद, काढा की हवा,” ड्रायव्हर सोपान घुले घाईला आला होता. गाडीत टोमॅटो होते. “मालकाचा चौथा फोन हाय. सहाच्या आत माल बाजारात न्हाई पोचला, तर चावी ठेव म्हनतोय.”

“ठेव मग.”

“चेष्टा नका करू. घरात खानारी तोंडं हायेत तीन.”

“म्हणून तर म्हणतो.”

मकरंदला आता राहवेना. हातातला पाना त्याने खाली आपटला.

“एकदा स्पष्ट सांगा ना उस्ताद! गरम चाकाची हवा तुम्ही कधीच काढत नाही. का? मी पुरावा देतो, तुम्ही नुसते बघत बसता. नियम तुमच्या बाजूने नाही!”

“नियम पाठ आहे तुला?”

“झोपेतही.”

“मग उलटा म्हण.”

“म्हणजे?”

“हेच चाक पहाटे गार होतं. तेव्हा काटा किती होता, ते मांड.”

असल्या आव्हानाला मागे सरणारा मकरंद नव्हे. त्याने आपलं तापमान मोजायचं यंत्र आणलं. पिस्तुलासारखं दिसणारं हे यंत्र त्याने पदरचे पैसे घालून घेतलं होतं आणि त्याला तो कुणाला हात लावू देत नसे. आधी बाकीच्या चाकांवर फिरवलं, मग या चाकावर रोखलं. पंचाण्णव अंश. पहाटेचे अठ्ठावीस धरले. दोन्हींत दोनशे त्र्याहत्तर मिळवले, काट्यात बाहेरच्या हवेचे पंधरा पौंड मिळवले, गुणाकार केला, भागाकार केला, शेवटी ते पंधरा पुन्हा वजा केले. खडूने, दुकानाच्या पत्र्यावर.

उत्तर आलं. त्याने पुसलं. पुन्हा मांडलं. तेच आलं.

“किती?”

“...चौऱ्याण्णव.”

“पाहिजे किती?”

“एकशे दहा.”

“मग आत हवा जास्त आहे की कमी?”

“...कमी.”

मकरंद सोपानकडे वळला. “काल कुठे हवा काढली होती का?”

“काढली की. काल दुपारी, टोलनाक्यापाशी. ह्येच चाक लई तापलं होतं.”

“आज सकाळी परत भरली?”

“सकाळी कोन बघतंय? गार चाकाला काय हुतंय?” सोपान गोंधळून एकाकडून दुसऱ्याकडे पाहू लागला. “समदेच काढतात की सायेब. मला काय ठावं?”

तरीही मकरंद हार मानेना. एवढ्या लवकर मानतो तर मास्तर कसला!

“बरं, हवा कमी आहे. मान्य. पण मग चाक इतकं तापलं कशाने? गाडीतली बाकीची चाकं सत्तरच्या आत आहेत. याच्यात हवा कमी, आणि तरी हेच जास्त तापलं? हे माझ्या नियमात कुठेच बसत नाही!”

उस्ताद उठले. कोपऱ्यात एक फुटलेलं टायर पडलं होतं, त्याच्या काठातून त्यांनी वीतभर तार ओढून काढली. दोन्ही हातांत धरून ती एकाच जागी वाकवली, सरळ केली. वाकवली, सरळ केली. वीस-पंचवीस वेळा. मग ती वाकवलेली जागा त्यांनी मकरंदच्या मनगटावर टेकवली.

मकरंदने झटकन हात मागे घेतला.

“विस्तवाजवळ नेली होती मी?”

“...नाही.”

मकरंदने चाकाकडे पाहिलं. त्याच्या दोन्ही बाजू जमिनीपाशी फुगून बाहेर आल्या होत्या. सकाळपासून दोनशे किलोमीटर, दर फेऱ्याला ते रबर तिथे मुडपत होतं आणि सुटत होतं. कालची हवा गेली म्हणून मुडपलं, मुडपलं म्हणून तापलं, तापलं म्हणून काटा चढला, आणि काटा चढला म्हणून मकरंद आणखी हवा काढायला निघाला होता. खाली सात वळणांचा उतार, आणि सोपान त्या चाकावर बसून जाणार होता. मकरंदला लाज वाटली. लाजेहून जास्त राग आला, आणि तो स्वतःचाच होता.

सोपानचा फोन वाजला. मकरंदने तो त्याच्या हातातून घेतला.

“हवा काढणार नाही. गाडी दोन तास थांबेल. चाक गार झालं की एकशे दहा भरू, मग सोडू.”

“तू कोण रे?” मालकाचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला.

“पंक्चरवाला.”

“फोन सोपानला दे. सोपान! पुढच्या दुकानात घाल गाडी. दोन मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटांत गाडी हलली नाही, तर आजच उतरायचं. कळलं?”

सोपानचं तोंड उतरलं. तो कुणाकडे न बघता वर चढला आणि त्याने गाडी सुरू केली. हातावर पोट असलेल्या माणसाने दुसरं काय करायचं, हे मला तरी सांगता येत नाही.

उस्ताद सावलीतून बाहेर आले. गाडीपुढे गेले. भर उन्हात, गाडीकडे पाठ करून, त्यांनी रस्त्यावर मांडी ठोकली.

सोपानने हॉर्न दिला. उस्ताद हलले नाहीत.

पुन्हा दिला.

मकरंदने हात पुसले आणि तोही जाऊन त्यांच्या शेजारी बसला. जमीन तव्यासारखी तापली होती.

इंजिन बराच वेळ गुरगुरत होतं... मग बंद झालं.

सोपान खाली उतरला. फोन चालूच होता, मालक त्यात ओरडत होता.

“मालक, उस्ताद गाडीपुढं बसल्यात.”

“उठव त्याला!”

“न्हाई उठवत.” तो खाली बसला. “मीबी बसलोय. चावी पायजे तर हितं येऊन घ्या.”

मालकाचा आवाज खाली आला.

“अरे, पण विचार तरी त्या म्हाताऱ्याला, उठणार कधी?”

सोपानने फोन उस्तादांपुढे धरला. उस्तादांनी कपाळावरचा घाम पुसला आणि डोळे मिटून घेतले.

“निवलं, की उठतो.”