धुर्पामायचे खेकडे

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूलही नव्हता तेव्हा, खानदेशच्या डोंगरकडेला भोरखडी नावाचं गाव होतं. गावाची शेती फडांची, म्हणजे शेतांच्या सलग पट्ट्यांची. बंधाऱ्याचं पाणी पाटाने एकेका फडाला जाई, आणि किती फड पेरायचे ते दसऱ्याला नदी पाहून ठरे. सगळ्यात शेवटच्या फडात धुर्पामायचा तुकडा होता. पाणी तिथवर पोचलं तर पोचलं.

धुर्पामायला एक खोड होती. नदी सोडून ती डोंगर बघायची, आणि डोंगरावर तरी काय, तर खेकड्यांची बिळं. खेकडा ओल लागेपर्यंत खणतो आणि माती वर आणून टाकतो. ती माती धुर्पामाय चिमटीत धरून पाही. लोक तिला खेकड्यांची आई म्हणत, आणि पोरं तिच्यामागे तिरकं चालत.

एका वर्षी धो धो पाऊस असा झालाच नाही. नुसती भुरभुर, पण ती आषाढापासून हस्तापर्यंत थांबली नाही. दसऱ्याला नदीत पाऊलभर पाणी, दिवाळीला तेही नाही. गाव सोडून तापीकाठी जायचं ठरलं, गाड्या भरल्या.

तेवढ्यात धुर्पामाय डोंगरावरून धावत आली. पायांत काटे, मुठीत ओला चिखल. "गाड्या खाली करा," ती म्हणाली.

दगाजी पाटील गावाचा कारभारी. तो म्हणाला, "माय, नदी आटनी. आते काय खेकडा पानी पाजतीन?"

"नदी नका दखा, दादा. डोंगर दखा. त्याना पोटमा पानी शे, आनि ते खाले येई राह्यनं."

कोणी ऐकेना. मग तिने घरातला होता नव्हता तेवढा गहू उचलला आणि गावादेखत शेवटच्या फडात, कोरड्या ढेकळांत पेरून टाकला. पाणी आलं नाही तर आता तिच्याकडे खायला दाणा नव्हता. दगाजीने कपाळावर हात मारला, पण तिला तशी टाकून बैल जुंपायचं त्याच्याच्याने होईना.

असं म्हणतात, उन्हं उतरता उतरता डोंगरभर खेकडे बाहेर पडले आणि खाली निघाले. सगळं गाव त्यांच्यामागे! पायथ्याच्या खडकाशी खेकडे थांबले आणि खडकाला फट पडली. आधी बोटभर धार, मग मनगटाएवढी, मग काय विचारता! लोक पाटाकडे धावले, हातांनी गाळ उपसू लागले. दगाजी तर पागोट्यात गाळ भरून फेकत होता, आणि तरी पाणी त्याच्या टाचेला लागतच होतं.

पाणी पहिल्या फडाशी आलं. तिथे दगाजीचीच जमीन होती. लोक बांध फोडायला वाकले, तसा तो आडवा आला.

"आठे नको," तो म्हणाला. "जिनी पेरं, तिले पहिले."

त्या साली सगळे फड पिकले. असं म्हणतात, धुर्पामायच्या गव्हाची तर बायकांनी दृष्ट काढली होती.

भोरखडीत आजही कोणी खेकडा खात नाही. दसऱ्याला सोनं वाटून झालं की गाव डोंगरावर जातं, बिळाच्या तोंडची माती चिमटीत धरून बघतं, आणि मगच फड ठरतात. पाट सोडला की पहिलं पाणी शेवटच्या फडाला जातं. ते तिच्या तुकड्यात शिरेपर्यंत वाटेत कोणी ओंजळभरही घेत नाही.