हैबतरावांना शोभेल अशी जागा

सुभेदारीची वस्त्रं देण्याआधी उमेदवाराला चावडीवर रयतेपुढं उभं करायचं, अशी राजाची रीत होती. आजचे उमेदवार हैबतराव मिशीवर ताव देत म्हणाले, "सरकारनं रयतेच्या कारभारात नाक खुपसू नये. विहीर ढासळली, रस्ता खचला, तर तुमचं तुम्ही बघा. मात्र विधवांचे पाट बंद, दुसरं लग्न नाही! आणि सुनेच्या डोईचा पदर ढळला, तर दंड!"

रयतेत सगुणाबाई बसली होती. तिच्या विधवा लेकीचा पाट सोमवारीच लागायचा होता. बोलावं, तर हा उद्या सूड उगवणार. गप्प बसावं, तर लेकीचा संसार मांडण्याआधीच मोडणार.

"कुणाची हरकत?" राजानं विचारलं.

सगुणाबाई उठली. "हरकत नाही, महाराज. माणूस गुणी आहे, फक्त जागा चुकली. विहीर बांधायची नाही, रस्ता करायचा नाही, नुसते सुनांचे पदर बघायचे, त्याला सुभेदारी कशाला? आमच्या शेजारच्या घरी सासूची जागा रिकामी आहे, तिथं नेमा."

राजाच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात मागून शेजारची सून कळवळून ओरडली, "नको हो महाराज! आत्ता कुठं सुटलेय मी!"

राजाला हसू फुटलं, आणि वस्त्रांचं तबक आल्या वाटेनं माघारी गेलं.