एका पायाची झोप

पूल बांधायची विद्या माणसाला अजून यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्याच्या मधोमध खोल दरी होती. इतकी खोल, की वरून टाकलेल्या दगडाचा आवाज ऐकू येत नसे.

माणसांना पलीकडे न्यायचे ते करकोचे. चांगले घोड्याएवढे! टोपलीचा दांडा दोन्ही पायांत घट्ट धरायचा, आत माणूस बसवायचा आणि उडायचं. थोरल्या राजाने त्यांना वचन दिलं होतं : दिवसाला पाच मासे, आणि दोन खेपा झाल्या की काठावरच्या वडाची सावली शेजारच्या शिळेवर येईपर्यंत विसावा.

करकोचा विसावा घेतो तो एका पायावर उभा राहून. दुसरा पाय पोटाशी घेतला, की झोप लागलीच समजा. आपण कुशीवर वळतो ना, तसंच ते.

पुढे धाकटा राजा आला आणि त्याचा नवा कारभारी आला. कारभारी राजाला घेऊन दरीकाठी गेला, तर करकोचे रांगेने उभे.

"बघा महाराज!" तो म्हणाला. "सगळे कसे एका पायावर तयार आहेत! आणि आपण त्यांना नुसतं उभं करून पोसतोय."

राजा हसला. विसावा बंद झाला. उभं राहायला पाच मासे कशाला, म्हणून तीन झाले.

करकोच्यांतली सगळ्यांत म्हातारी, तिला सगळे थोरली म्हणत, ती पुढे आली. "कारभारी, अहो, तो तयारीचा पाय नव्हे. झोपेचा आहे."

"उभ्याउभ्या कुणी झोपतं का गं?" कारभारी म्हणाला. ऐकणारे हसले.

पण मग नको ते व्हायला लागलं. एक दमलेला करकोचा ऐन दरीवर पेंगला. पेंगला आणि सवयीने एक पाय पोटाशी घेतला! टोपली कलंडली. आतल्या म्हाताऱ्याने काठ धरला म्हणून वाचला. त्याची घोंगडी मात्र गेली.

त्या दिवशी करकोच्यांनी एकमताने ठरवलं, झोप झाल्याशिवाय कुणी दांडा धरायचा नाही.

लोक चिडले. मी तिथे असते तर मीही बोलले असते, खोटं कशाला सांगू! "पंख होते ते कमी पडले, आता शिंगं फुटली यांना," असं जो तो म्हणू लागला. कारभाऱ्याने शिपाई बसवले. ते काठी आपटून करकोच्यांना जागं करत आणि जबरीने टोपलीला जुंपत.

अशात कारभाऱ्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. तिला आणायला तो स्वतः पलीकडच्या काठावर गेला. दुपार होती. लेक टोपलीत बसली आणि तिथेच तिच्या पोटात कळ आली. सुईण राहायची अलीकडच्या गावात.

करकोच्यांपैकी काठावर एकटी थोरली होती. सकाळपासून आठ खेपा झालेल्या. ती एका पायावर उभी होती, डोळे अर्धे मिटलेले.

"चल, चल!" कारभारी ओरडला. "उचल दांडा!"

"नाही नेणार. डोळ्यांवर झापड आहे."

"अगं, तिनाचे दहा मासे देतो!"

"मासे हवेतच, कारभारी. आमचे पाच हक्काचे आहेत. पण मासे खाऊन झोप जात नाही."

कारभाऱ्याने काठावरच्या शिपायाची काठी हिसकावली. तेवढ्यात टोपलीतून लेकीने त्याचं मनगट धरलं.

"बाबा, झोपू द्या तिला. त्या म्हाताऱ्याची घोंगडी पडली, तेव्हा मी इथेच होते. खाली पोचल्याचा आवाजसुद्धा आला नाही हो."

कारभाऱ्याने दरीत पाहिलं. त्याच्या हातातली काठी गळाली.

मग तो बसला. लेक कण्हत होती, वडाची सावली मुंगीच्या पावलाने सरकत होती. एकदा शिपायाला खोकला आला, तर कारभाऱ्याने त्याच्या तोंडावर हात ठेवला. थोरलीच्या डोळ्यांवर माश्या बसायला लागल्या, तेव्हा हाच उपरण्याने वारा घालत उभा राहिला. किती वेळा त्याने शिळेकडे पाहिलं असेल, देव जाणे!

सावली शिळेला टेकली. थोरलीने डोळे उघडले. पोटाशी घेतलेला पाय खाली ठेवला.

"आता बसा नीट," ती म्हणाली.

टोपली दरीवरून गेली, पण तसूभर हलली नाही. पलीकडून शिपायाने केलेली खूण पाहून अलीकडे सुईण पदर खोचून उभीच होती. तिने टोपली गाठली आणि तिथेच मूल रडलं.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्याने राजापुढे आपली चूक कबूल केली. विसावा परत आला, पाच मासे परत आले. आणि त्या राज्यात एक रीत पडली. टोपलीत पाय ठेवण्याआधी लहानथोर सगळे करकोच्याला विचारत, "झोप झाली का रे बाबा?" नाही म्हणाला, तर मुकाट्याने वडाखाली बसत.

बोध : ज्याच्या पायांत आपला जीव असतो, त्याचा विसावा आणि त्याचा घास कापू नये.