उजव्या हाताची ऊब

एकदा काय झालं, थंडीचं गाठोडं वाहणारी एक म्हातारी होती. हिवराबाई तिचं नाव. डोळ्यांना दिसायचं कमी. मग वाट कशी सापडायची? तर समुद्र एका कुशीवर गोधडी घेऊन निजलेला असायचा. त्या गोधडीची ऊब उजव्या हाताला धरायची आणि चालत राहायचं. उत्तरेच्या डोंगरातून निघायची, ती थेट कोकणात द्वारकीच्या आंब्याखाली. द्वारकी एकटी बाई, त्या एका झाडावर तिचं घर चालायचं. आणि थंडी पडल्याशिवाय आंबा मोहरत नाही, बरं का.

"इलंस गो बाय? बस वायच," द्वारकी म्हणायची.

मग एका वर्षी हिवराबाईनं गाठोडं सोडलं, तर समोर वाळवंट! बिचारे उंट कुडकुडले. दुसऱ्या वर्षी सोडलं ते कुठल्याशा तळ्यावर. बदकं आधीच गारठलेली, त्यात ही भर. सांडलेली थंडी परत भरता येते का कुठे? इकडे आंबा दोन वर्षं नुसता पानांचा. द्वारकीचा दीर म्हणाला, "वैनी, यंदा मोहोर नाय इलो तर झाड तोडतलंय."

तिसऱ्या वर्षी म्हातारी आधी समुद्राकडे गेली. "मेल्या, मला का फिरवतोस?"

"आजी, एका कुशीवर किती वर्षं निजू? अंग अवघडलं. कूस बदलली, गोधडीही सरकली. आता ऊब डाव्या हाताला धर. काही वर्षांनी वळेन परत."

रागवणार कशी? तिचंही अंग अवघडलेलंच होतं. तिला रडूच आलं. मग डोळे पुसले, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि निघाली.

पोचली तेव्हा माघ सरत आला होता. दिरानं कुऱ्हाड उचललेली, द्वारकी झाडाला मिठी मारून उभी. म्हातारीच्या बोटांत गाठ सोडायचंही बळ नव्हतं. मग द्वारकीनंच ती सोडली. अशी थंडी सुटली, अशी सुटली, की दिराच्या हातातली कुऱ्हाड गळाली आणि तो धावला शेकोटीकडे. आठ दिवसांत आंबा मोहोरानं भरला.

हिवराबाईनं मात्र तो पाहिलाच नाही. ती झाडाखाली गाढ निजली होती. द्वारकीनं तिच्या अंगावर आपलं लुगडं घातलं आणि दारात बसून राहिली, कुणी तिला उठवू नये म्हणून. पुढे सगळी सुखात राहिली. आणि मी बोलून दमले रे बाळांनो. निजा आता.