मान हलवणारे

निशिकांतला गोष्टी समजायला वेळ लागतो. आमच्या केंद्रात अशाच प्रौढांना नोकरीसाठी तयार करतात; निवृत्त प्राध्यापक असलेला मी तिथे शिकवतो. मी त्याला बेकरीत मुलाखतीला नेलं. मालक घैसासांनी काम सांगण्याऐवजी गुणवत्तेवर भाषण ठोकलं. त्यांच्या सुपरवायझरने समजल्यासारखी मान हलवली. गोंधळून मीही हलवली.

"समजलं नाही. पुन्हा सांगा," निशिकांत म्हणाला.

"प्राध्यापक, याला एवढंही समजत नाही? नोकरी कशी देऊ?" घैसास मला म्हणाले.

"साहेब, या दोघांना काय समजलं ते विचारा ना."

घैसासांनी विचारलं. सुपरवायझर छताकडे बघू लागला. मी चष्मा पुसत बसलो.

"न समजता मान हलवणारे तुमच्याकडे आहेतच, साहेब," निशिकांत म्हणाला. "विचारणारा एक ठेवा."

घैसासांनी त्याला ठेवून घेतलं. ती गुणवत्ता मला अजून समजलेली नाही, आणि विचारायचा धीर होत नाही.