गोमबाईंची शंभर टक्के हजेरी

वर्गात कधी पाऊल न टाकलेले शाळा सुधारायला निघतात आणि शिक्षा भोगतात मुलं. फार पूर्वी, वारुळापलीकडच्या सरकारी माध्यमिक शाळेत असंच घडलं.

गोमबाई नववीला गणित शिकवायला रुजू झाल्या, त्याच दिवशी मुख्याध्यापक खेकडेसरांनी दारात हजेरीचं यंत्र बसवलं. शिक्षकांनी सगळ्या पायांचे ठसे दिल्याशिवाय आत जायचं नाही!

गोमबाई रोज एकेक पाय पुसून यंत्रावर टेकवत. एका पायाला जरी चिखल निघाला, तरी यंत्र खेकसे, "पुन्हा पहिल्यापासून!" शेवटचा ठसा उमटेपर्यंत शाळा सुटायची.

"सर, दोनच पाय घ्या ना," त्या काकुळतीला आल्या. "मुलांना अजून बेरीज येत नाही हो."

"बाई, बदलाला सहकार्य करा," म्हणत खेकडेसर आडवे निघून गेले.

अख्खी नववी गणितात नापास झाली. गोमबाईंना मात्र शंभर टक्के हजेरीबद्दल आदर्श शिक्षिकेचं बक्षीस मिळालं. हार गळ्यात घेऊन त्या व्यासपीठावर रडत उभ्या राहिल्या, तेव्हा नववीतली एक मुंगी मैत्रिणीला म्हणाली, "अगं, या तर दारात पाय पुसत बसतात त्या मावशी! या शिकवतात पण?"