एकाच कावळ्याचं चित्र

फार जुनी नाही, गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. सगुणाकाकूंनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या आणि कावळ्यांना भिववणारी काळी छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली. राखणीला आता टाकीवर कॅमेरा होता.

कॅमेऱ्याला मान वळवता येत नव्हती, पण अख्खी गच्ची त्याच्या डोळ्यात मावत होती. त्यात जे हलेल तेवढंच धरून मोठं करून दाखवायचं, ही त्याची ऐट. एक लंगडा कावळा कठड्यावर नाचू लागला. कॅमेऱ्याने त्याला धरलं ते सोडलंच नाही. कावळा मोठा होत गेला, तसा पुसटही होत गेला.

दुपारी काकू वर आल्या, तर अर्ध्या कुरडया गायब. मोबाइलमध्ये पाहिलं, तर नुसती एक धूसर चोच. "उद्या याला खाली उतरवते," त्या म्हणाल्या आणि छत्री उघडून ठेवली.

कॅमेरा गोंधळला. "मी चोराला क्षणभर सोडलं नाही. मग खाल्लं कोणी?"

"बाकीच्या अकरा जणांनी," छत्री म्हणाली.

"ते माझ्या चित्रात नव्हते."

"होते की. तूच कापून टाकलेस, बाबा."

कॅमेरा विचारात पडला. तेवढ्यात कठड्यावर काहीतरी हललं, आणि त्याची नजर तिकडे गेली.